ऑलिंपियनला हाकलू नका, आम्हाला लेन द्या

मास्टर्स स्विमिंगच्या स्पर्धांचे निकाल लागले की एक तक्रार ठरलेली असते. कोणीतरी माजी चॅम्पियन येतो, बाकीचे अर्ध्यात असताना भिंतीला हात लावतो, पदक गळ्यात घालतो, त्या वयोगटाचा विक्रम स्वतःच्या नावावर करतो आणि निघून जातो. मग टँकबाहेर चहा पिताना कोणीतरी म्हणतंच, "हे काही खरं नाही. ही स्पर्धा आपल्यासारख्यांसाठी आहे. ज्यांचं देशासाठी पोहून झालंय त्यांनी इथे कशाला यायचं?" त्यापाठोपाठ सूचना येते: या लोकांना बंदी घाला, नाहीतर निदान त्यांच्या विक्रमांची यादी तरी वेगळी ठेवा.

मला ही सूचना मान्य नाही. आणि मी त्या "आपल्यासारख्यां"पैकी आहे, म्हणून तर अजिबातच मान्य नाही. मी सॉफ्टवेअर इंजिनीअर आहे, वय २८. डिग्री हातात पडेपर्यंत मला पोहता येत नव्हतं. नोकरी लागल्यावर, मुलांच्या बॅचमध्ये सगळ्यात उंच दिसत, कठड्याला धरून पाय मारायला शिकलो. आज ५० मीटर फ्रीस्टाइलला मला ३८ सेकंद लागतात. ही बंदी माझ्यासारख्यांच्या भल्यासाठी मागितली जाते, म्हणून मला बोलायचं आहे.

ज्यांचा या प्रकाराशी संबंध आलेला नाही त्यांच्यासाठी आधी थोडक्यात. "मास्टर्स" म्हणजे कोणी उस्ताद नव्हेत. मास्टर्स म्हणजे प्रौढांचं स्पर्धात्मक पोहणं. आंतरराष्ट्रीय पातळीवर वयाच्या २५ व्या वर्षापासून यात भाग घेता येतो. २५ ते २९, ३० ते ३४, ३५ ते ३९ असे पाच-पाच वर्षांचे गट असतात आणि ते शंभरीच्या पुढेही जातात. तुमचं वय त्या वर्षीच्या ३१ डिसेंबरला किती असेल त्यावरून गट ठरतो. प्रत्येक गटाचे, प्रत्येक अंतराचे, प्रत्येक स्ट्रोकचे वेगळे विक्रम नोंदवले जातात. रिलेमध्ये तर चौघांच्या वयांची बेरीज करून गट पाडतात. मला हा नियम फार आवडतो, कारण त्यात एखाद्या आजोबांचं वय टीमच्या कामी येतं.

आता तक्रारीकडे. तिच्या मुळाशी एक समजूत आहे: ही जागा मुळात आमची होती आणि हे मोठे लोक नंतर घुसले. इतिहास नेमका उलटा आहे. अमेरिकेच्या नौदलात रॅन्सम आर्थर नावाचे एक डॉक्टर होते. प्रौढांनी, विशेषतः एकेकाळी स्पर्धेत पोहलेल्यांनी, तब्येत राखावी म्हणून त्यांच्यासमोर काहीतरी ध्येय हवं, असं त्यांचं म्हणणं होतं. जॉन स्पॅनथ यांच्या मदतीने मे १९७० मध्ये टेक्सासमधल्या अमरिलो गावी पहिली राष्ट्रीय मास्टर्स स्पर्धा झाली. पोहायला आले ४६ जण. पुढे १९८६ मध्ये टोकियोला पहिली जागतिक मास्टर्स स्पर्धा भरली. म्हणजे हे घर बांधतानाच माजी खेळाडू डोळ्यांसमोर होते. आपल्यासारख्या उशिरा शिकलेल्यांना त्यात जागा मिळाली, ती दार उघडं ठेवलं होतं म्हणून. आत आल्यावर दाराला कडी लावायची आणि ज्यांच्यासाठी घर बांधलं त्यांनाच बाहेर उभं करायचं, ही रीत बरी नाही.

गोंधळ थोडा "हौशी" या शब्दाचाही आहे. आपण प्रौढांच्या या पोहण्याला हौशी म्हणतो आणि मनातल्या मनात त्याचा अर्थ "जेमतेम येणारा" असा लावतो. पण आपल्याकडे राज्य नाट्यस्पर्धेलाही हौशीच म्हणतात. तिथे कोणी फार चांगलं काम केलं तर "तुम्ही हौशी राहिला नाहीत, बाहेर व्हा" असं परीक्षक सांगत नाहीत. हौस आहे, पोटापाण्याचा धंदा नाही, एवढाच त्या शब्दाचा अर्थ. पन्नाशीचा माजी ऑलिंपियन पहाटे उठून, पदरचे पैसे भरून, स्पॉन्सर नसताना, टीव्ही नसताना पोहायला येतो तेव्हा तो हौशी नाही तर कोण आहे?

आता विक्रमाचं बघू. विक्रम म्हणजे बक्षीस नव्हे. विक्रम हे एक विधान असतं: या वयाच्या माणसाने हे अंतर आजवर यापेक्षा कमी वेळात पोहून दाखवलेलं नाही. बस, एवढंच. त्यातून सगळ्यात वेगवान माणसं वगळली की ते विधान खोटं होतं. आमच्या ऑफिसात एखादी टेस्ट सारखी फेल होते म्हणून कोणी ती कमेंट करून टाकली आणि वर "सगळं ग्रीन आहे" असं कळवलं, तर त्या माणसाला आम्ही काय म्हणतो ते इथे लिहिता येणार नाही. "ऑलिंपियन सोडून जागतिक विक्रम" हा त्याच जातीचा ग्रीन आहे.

आणि हे विधान खरं असणं आपल्या उपयोगाचं आहे. मार्क स्पिट्झने १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये सात सुवर्णपदकं मिळवली. एकेचाळिसाव्या वर्षी त्याने १९९२ च्या ऑलिंपिकसाठी परत यायचा प्रयत्न केला. १०० मीटर बटरफ्लायला अमेरिकेच्या निवड चाचणीत उतरण्यासाठी ५५.५९ सेकंद हवे होते, त्याला ५८.०३ लागले. लोकांनी मान डोलावली: चाळिशीनंतर काही खरं नाही. मग डॅरा टोरेस आली. २००६ मध्ये मुलगी झाल्यावर ती मास्टर्स स्पर्धांमध्ये पोहत पोहत परतली आणि २००८ ला बीजिंगमध्ये, वयाच्या ४१ व्या वर्षी, तिने तीन रौप्यपदकं घेतली. त्यातलं ५० मीटर फ्रीस्टाइलचं सुवर्ण तिच्या हातून फक्त ०.०१ सेकंदाने गेलं. २०१६ मध्ये अँथनी अर्विनने ३५ व्या वर्षी त्याच अंतराचं ऑलिंपिक सुवर्ण जिंकलं, आधीच्या सुवर्णानंतर तब्बल १६ वर्षांनी. ब्राझीलचा निकोलस सँटोस २०२२ मध्ये ४२ व्या वर्षी २५ मीटरच्या तलावातल्या जागतिक स्पर्धेत ५० मीटर बटरफ्लायचा विजेता झाला.

चाळिशीतलं शरीर काय करू शकतं याबद्दलची आपली समजूत या लोकांनी बदलली. मास्टर्सचे विक्रम हेच काम दर पाच वर्षांच्या टप्प्याने करतात. आपल्याकडे पन्नाशीच्या बाईला गुडघ्याचा डॉक्टर, शेजारीण आणि स्वतःची मुलं मिळून सांगतात की आता जपून राहायचं. तिच्या वयाच्या बाया जगात कुठवर पोहोचल्या आहेत त्याची खरी यादी कुठेतरी असली पाहिजे. सोयीसाठी कापलेली यादी तिच्या काय कामाची?

"पण त्यांना लहानपणापासूनचा पाया मिळालाय, आपल्याला नाही." हा मुद्दा खरा आहे. ज्याने दहाव्या वर्षापासून दिवसाला दोनदा सराव केला त्याचा हात पाण्यात ज्या कोनातून जातो, तो मला या जन्मी जमणार नाही. पण मग वयोगटांच्या यादीत खाली खाली जा आणि बघा काय होतं. जॉर्ज कोरोनस नावाच्या ऑस्ट्रेलियन डॉक्टरांनी दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास पोहणं सोडलं आणि ऐंशीच्या वयात पुन्हा सुरू केलं. २०१८ मध्ये, वय ९९, पण ३१ डिसेंबरच्या नियमामुळे १०० ते १०४ च्या गटात, ते ५० मीटर फ्रीस्टाइल ५६.१२ सेकंदांत पोहले. आधीचा विक्रम तब्बल ३५ सेकंदांनी मागे पडला. जपानच्या मिएको नागाओका ऐंशीच्या आसपास गुडघ्याच्या दुखण्यासाठी पाण्यात उतरल्या. २०१५ मध्ये, शंभराव्या वर्षी, त्यांनी १५०० मीटर अंतर १ तास १५ मिनिटे ५४ सेकंदांत पूर्ण केलं. हे अंतर पूर्ण करणाऱ्या त्या जगातल्या पहिल्या शतायुषी. यांच्यापैकी कोणी ऑलिंपिकला गेलेलं नव्हतं. लहानपणीचा पाया मोठा खराच, पण तो जन्मभराचा पट्टा नाही. टिकून राहणं हीही एक गुणवत्ता आहे आणि ती शेवटी यादीत दिसते. (त्या ९९ वर्षांच्या डॉक्टरांपेक्षा मी जेमतेम १८ सेकंदांनी पुढे आहे, हेही प्रामाणिकपणे नोंदवतो.)

उलट बाजूने, मोठ्या नावांनाही काळ सोडत नाही. जॅनेट इव्हान्सचा ८०० मीटर फ्रीस्टाइलचा १९८९ चा विश्वविक्रम, ८ मिनिटे १६.२२ सेकंद, २००८ पर्यंत टिकला. २०१२ मध्ये ती चाळिसाव्या वर्षी अमेरिकेच्या निवड चाचणीत उतरली आणि ४०० मीटरला ११३ जणींत ८० वी आली. १९८४ ला तीन सुवर्णपदकं जिंकणाऱ्या रौडी गेन्सला १९९१ मध्ये गीयाँ-बारे सिंड्रोम झाला, अंगातली ताकदच गेली. त्यातून बरा होऊन तो मास्टर्समध्ये पोहत राहिला, विक्रमही केले. या माणसांशी आपली स्पर्धा आहे असं आपल्याला वाटतं. त्यांची स्पर्धा मात्र स्वतःच्या विशीतल्या वेळेशी असते, आणि ती ते रोज हरतात. तरी येतात. मला तरी यात चोरी दिसत नाही.

आता बंदीचा नियम प्रत्यक्ष लिहायला बसू. नियम लिहिणं हा माझा रोजचा धंदा आहे, म्हणून मला पहिल्यांदा कडेच्या केसेस दिसतात. "एलिट" म्हणजे कोण? ऑलिंपियन, ठीक. राष्ट्रीय स्पर्धेत उतरलेला? राज्य पातळीवरचा? जिल्ह्यात पहिला आलेला? शाळेच्या टीममध्ये असलेला? गावच्या विहिरीत पाठीला डबा बांधून पाचव्या वर्षी शिकलेला आणि पुढे कधीच स्पर्धेत न उतरलेला, पण आजही मला सहज मागे टाकणारा?

विरधवल खाडेचं उदाहरण घ्या. कोल्हापूरचा पोरगा, २००८ मध्ये शाळकरी वयात बीजिंग ऑलिंपिकला गेला, २०१० च्या आशियाई स्पर्धेत ५० मीटर बटरफ्लायचं कांस्य मिळवलं. पुढे तहसीलदाराची नोकरी. २०१८ च्या आशियाई स्पर्धेत ५० मीटर फ्रीस्टाइलला चौथा आला, कांस्यपदक ०.०१ सेकंदाने हुकलं. मास्टर्सच्या वयोमर्यादेत तो तेव्हाच बसत होता. सरकारी नोकरी करणारा, पंचविशी ओलांडलेला, देशातला सर्वात वेगवान जलतरणपटू. तुमच्या नियमात तो "आपल्यासारखा" की "त्यांच्यातला"? आपल्या देशात बहुतेक मोठे खेळाडू पोटासाठी कुठल्या तरी ऑफिसात हजेरी लावत असतात. रेघ कुठे मारणार?

आणि ही रेघ खरोखर कोणावर पडेल ते सांगतो. आमच्या टँकवर एक ताई येतात, वय त्रेचाळीस. शाळेत असताना राज्य पातळीवर ब्रेस्टस्ट्रोक पोहायच्या. मग दहावी आली. महाराष्ट्रातल्या कुठल्याही टँकवर विचारा, दहावी आली की अर्धी बॅच रिकामी होते. पुढे बारावी, लग्न, दोन मुलं, सासूबाईंचं आजारपण. पंचवीस वर्षांनी त्या परत पाण्यात उतरल्या, तेव्हा पहिले दोन आठवडे नुसत्या रडत होत्या म्हणे, गॉगलमुळे कळलं नाही कोणाला. बंदीच्या नियमाने या बाई "माजी राज्यस्तरीय" म्हणजे एलिट ठरतात. आधी घराने थांबवलं, आता आपण थांबवायचं. ऑलिंपियनसाठी टाकलेलं जाळं अशाच माशांना पकडणार, कारण आपल्याकडच्या एखाद्या स्पर्धेला ऑलिंपियन येतो कितीदा?

विरोधी बाजूचा सगळ्यात जड मुद्दा शेवटी ठेवला होता. माजी सोडा, आजी खेळाडूंचं काय? जलतरणात ऐन भर विशीत असतो. त्यामुळे २५ ते २९ या गटात निवृत्त नव्हे, तर ऐन जोमातले व्यावसायिक खेळाडू बसतात. कॅमेरॉन मॅकएव्हॉय २०२३ च्या जागतिक स्पर्धेत ५० मीटर फ्रीस्टाइल २१.०६ सेकंदांत जिंकला, तेव्हा तो २९ वर्षांचा होता. असा माणूस उद्या मास्टर्स स्पर्धेत उतरला तर माझ्या वयोगटात मी काय करायचं?

हिशोब करू. तो २१, मी ३८. फरक १७ सेकंद. समजा त्याला आणि त्याच्या दर्जाच्या सगळ्यांना बंदी घातली. मग विक्रम कोणाकडे जाईल? त्यांच्या खालोखाल पोहणाऱ्याकडे. म्हणजे ज्याने कॉलेजभर स्कॉलरशिपवर सराव केला, ऑलिंपिकची निवड थोडक्यात हुकली, असा कोणीतरी. समजा त्याची वेळ २३ सेकंद. माझा फरक १७ वरून १५ वर आला. अभिनंदन माझं. बंदीचा फायदा दुसऱ्या फळीतल्या अतिशय वेगवान लोकांना आहे. मागणी मात्र माझं नाव पुढे करून होते. हळू पोहणाऱ्याच्या खांद्यावर बंदूक ठेवून वेगवान माणूस आपल्याहून वेगवान माणसाला मारतोय, एवढीच ही भानगड आहे. माझा खांदा मला परत हवा आहे.

मग आमच्यावर अन्याय होतच नाही का? होतो की. पण तो विक्रमांच्या यादीत होत नाही, वेळापत्रकात होतो. मागे एका स्थानिक मास्टर्स स्पर्धेत मी २०० मीटरला नाव दिलं होतं. उद्घाटनाला प्रमुख पाहुणे उशिरा आले, भाषणं झाली, सत्कार झाले, शाल-श्रीफळ झालं. मग वेळ कमी पडतोय म्हणून आयोजकांनी हळू पोहणाऱ्यांच्या फेऱ्या एकत्र केल्या. एका लेनमध्ये दोघे-दोघे सोडले. माझ्या लेनमध्ये सत्तरीचे एक काका होते. ते शेवटचे पन्नास मीटर पोहत असताना पुढच्या फेरीची शिट्टी झाली, आणि त्यांच्या नावापुढे वेळच लिहिली गेली नाही. घड्याळवाला उठून गेला होता. काका पावणेदोनशे किलोमीटरवरून आले होते. ते काही बोलले नाहीत, टॉवेल घेऊन निघून गेले. त्या दिवशी तिथे एकही ऑलिंपियन नव्हता. काकांची वेळ कोणी पळवली?

असंच रोजचंही आहे. सकाळच्या चांगल्या वेळा मुलांच्या कोचिंगला, ते समजू शकतो. पण मोठ्यांसाठी बॅच जेमतेम पाऊण तासाची, त्यात एका लेनमध्ये बारा जण. बायकांची बॅच दुपारी, म्हणजे नोकरी करणारीने विसरूनच जायचं. पस्तिशीच्या माणसाने "मला श्वास घ्यायचं जमत नाही, बघता का?" विचारलं तर कोच हसून म्हणतो, "तुम्हाला काय ऑलिंपिकला जायचंय?" हा प्रश्न मी माझ्या कानांनी ऐकलाय. ऑलिंपियन नकोत म्हणणारे आपण आणि ऑलिंपिकला जायचं नसेल तर शिकवणार नाही म्हणणारा हा कोच, दोघेही एकच गोष्ट मानतात: पोहणं ही मोजक्यांची मालमत्ता आहे. भांडण फक्त मोजके कोण यावर आहे.

म्हणून मागायचंच असेल तर हे मागू. भरलेल्या प्रत्येक नावाला पूर्ण फेरी आणि शेवटच्या माणसाचा हात भिंतीला लागेपर्यंत चालू राहणारं घड्याळ. पहिल्या तिघांचेच नव्हे, सगळ्यांचे निकाल जाहीर, म्हणजे पुढच्या वर्षी मला माझ्याशीच ताडून बघता येईल. अमेरिकेतली मास्टर्स संघटना दरवर्षी प्रत्येक गटातल्या पहिल्या दहांची यादी काढते. आपल्याकडे स्थानिक पातळीवर शेवटच्या नंबरापर्यंत ती काढायला फक्त एक एक्सेल शीट लागते, हवी तर मी फुकट बनवून देतो. पहिल्यांदाच उतरणाऱ्यांसाठी एक वेगळी फेरी ठेवा, त्यात सूर मारायची सक्ती नको, पाण्यातूनच सुरुवात करू द्या. अमेरिकेतल्या बऱ्याच मास्टर्स स्पर्धांत वय न बघता वेळेनुसार फेऱ्या लावतात आणि गटवार निकाल नंतर काढतात, तसंही करून बघा. मग अठ्ठावीसचा मी आणि माझ्याच वेगाच्या साठीच्या काकू शेजारी-शेजारी पोहू, आणि दोघांनाही खरी शर्यत मिळेल. नोकरीवाल्या बायकांना संध्याकाळी सातनंतर बॅच द्या. आणि माजी चॅम्पियन आला असेल तर त्याला शाल देऊन खुर्चीत बसवू नका. त्याला अर्धा तास पाण्यात उभा करा आणि आमचे हात बघायला सांगा.

यातली एकही मागणी कोणाला बाहेर काढून पूर्ण होत नाही. सगळ्यांना लेन लागते, वेळ लागतो आणि शेवटपर्यंत थांबणारा घड्याळवाला लागतो. पुढच्या स्पर्धेचा फॉर्म भरताना आयोजकांना एवढंच विचारा: सगळ्यात हळू पोहणाऱ्याची वेळ तुम्ही लिहून घेणार आहात का? उत्तर "हो" असेल तर सगळ्यात वेगवान कोण येतोय याची मला पर्वा नाही. येऊ द्या त्याला. माझ्या शेजारची लेन द्या. तो पोहून झाल्यावर उरलेले सतरा सेकंद मी माझे पोहेन.